घरातलं यंत्र कधी बोलणार, हे ठरवतं कोण?

हा या भागाचा लिखित मजकूर. एसटीत बसलाय आणि घाटात नेट येतंय-जातंय, किंवा हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी. एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथं आहे, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कमी केलेत.

आजचा विषय होम ऑटोमेशन. तुम्ही म्हणाल, हे तर युट्यूबवर ढिगानं आहे: बल्ब कुठला घ्यायचा, स्पीकर कुठला घ्यायचा. ते आपण करणार नाही. आपला प्रश्न जुना आहे. घरात एक बोलणारं यंत्र आलं, मग तो रेडिओ असो, टीव्ही असो की स्मार्ट स्पीकर. ते कधी सुरू होणार, कधी गप्प बसणार, किती मोठ्यानं बोलणार, हे ठरवायचा हक्क कुणाचा? सरकारचा? कंपनीचा? घरातल्या कर्त्याचा? की पुण्यात बसलेल्या इंजिनिअर पोराचा? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या सातारा-सांगलीतून जातो.

संध्याकाळी सातचा भोंगा

सुरुवात अगदी अलीकडच्या गोष्टीनं करू. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावानं एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा, मग ज्याला हवं त्यानं सुरू करावं. मधला दीड तास पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचं किंवा आपापसात बोलायचं.

कारण साधं होतं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि शाळा परत वर्गात गेली तरी मोबाईल पोरांच्या हातातच राहिला. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला, महिलांची सभा झाली, गावाशी चर्चा झाली. हे जमेल का, अशी शंका आधी होतीच. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा ताई घरोघरी फिरल्या. ही बातमी पुढं देशभर गेली, परदेशी माध्यमांनीही दाखवली.

आता हे एका सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेतून बघा. होम ऑटोमेशनमधला प्रत्येक नियम तीन भागांचा असतो: ट्रिगर, अट आणि कृती. अमुक घडलं की, अमुक परिस्थिती असेल तर, अमुक कर. वडगावचा नियम अगदी याच साच्यातला आहे. ट्रिगर: सात वाजता भोंगा. कृती: टीव्ही बंद. दुसरा ट्रिगर: साडेआठचा भोंगा. कृती: मोकळीक. पूर्ण गावाचं ऑटोमेशन, तेही वायफाय नसताना.

फक्त एक फरक आहे आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. भोंग्याला टीव्ही बंद करता येत नाही. तो फक्त सांगतो. बटण दाबणारा हात घरातल्या माणसाचाच असतो. हा फरक डोक्यात ठेवा, कारण शंभर वर्षांत लोकांनी याच्या बरोबर उलटंही करून पाहिलंय.

कुलूप लावलेला रेडिओ

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती आणि रेडिओ ऐकायला वर्षाला दहा रुपयांचं लायसन्स लागायचं. त्या काळात दहा रुपये म्हणजे गावाकडच्या घराला परवडणारी गोष्टच नव्हती. मूठभर शहरी लोक ऐकायचे. १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि रेडिओ सरकारच्या हातात आला.

मग सरकारला आणि काही इंग्रज सुधारकांना वाटलं की रेडिओ खेड्यात न्यावा. शेती, आरोग्य, स्वच्छता शिकवावी. पण भीतीही होती. गावकऱ्यांनी भलतंच स्टेशन लावलं तर? नुसती गाणीच ऐकली तर? सेट मोडून ठेवला तर?

त्यावर १९३० च्या दशकात जो उपाय निघाला तो ऐकून आजही कुठलाही इंजिनिअर चमकेल. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत जे सार्वजनिक रेडिओ बसवले ते कुलूपबंद पेटीत होते. स्टेशन आधीच लावून पक्कं केलेलं, फिरवायला बटणच नाही. वीज नव्हती, म्हणून बॅटरीवर चालायचे. बॅटरी उतरली की ती नेऊन भरलेली आणून बसवावी लागायची. आणि पेटीत घड्याळाचा स्विच. ठरलेल्या वेळेला रेडिओ आपोआप सुरू, कार्यक्रम संपला की आपोआप बंद.

हे शुद्ध होम ऑटोमेशन आहे. ट्रिगर: घड्याळ. कृती: रेडिओ सुरू. अट: काहीच नाही. घरात मर्तिक असो, जत्रा असो, पेरणीची गडबड असो, पेटी वेळेवर बोलणार. गावकऱ्याचं काम फक्त समोर येऊन बसायचं. त्याला उलट बोलता येत नाही, स्टेशन बदलता येत नाही, बंदही करता येत नाही.

तांत्रिकदृष्ट्या व्यवस्था हुशारीची होती. वीज नाही, दुरुस्ती करणारा नाही, अशा जागी यंत्र टिकवायचं तर हात लावायची जागा कमी ठेवावी लागते, हे खरंच आहे. पण यंत्र सांभाळणं आणि माणूस सांभाळणं यातली रेघ तिथं पुसली गेली. कुलूप बिघाड टाळायला होतं की ऐकणाऱ्याला आवरायला, हे पेटीकडं बघून सांगताच आलं नसतं.

तोच रेडिओ, वेगळी मांडणी

आता वीस वर्षं पुढं येऊ आणि दिल्लीहून आपल्या भागात येऊ. स्वातंत्र्य मिळालं. १९४९ मध्ये आपल्या जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण सातारा म्हणजेच पुढं १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. आमचं मेढं, जावळी तालुक्याचं ठिकाण, वेण्णा नदीकाठी, ते उत्तर साताऱ्यात. आणि २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला, ‘रेडिओ रूरल फोरम’चा. कल्पना मूळ कॅनडाची. पाच जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम.

यंत्र तेच होतं, गावचा सामायिक रेडिओ. पण आजूबाजूची मांडणी पूर्ण वेगळी होती. प्रत्येक गावात साधारण पंधरा-वीस जणांचं मंडळ. एक अध्यक्ष, एक चिटणीस. आधी कार्यक्रम ऐकायचा. मग रेडिओ बंद करायचा. हो, बंद करायचा, आणि ऐकलेल्यावर चर्चा करायची: आपल्या गावात हे चालेल का, कुणी करून बघितलंय का, खर्च किती. मग जे जमेल ते करायचं. आणि चिटणीसानं चर्चेची नोंद आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे, म्हणजे पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळेल.

याचं मोजमापही झालं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं पाहणी केली आणि पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं ती हाताळली. हुशारी अशी की तीन प्रकारची गावं तपासली. रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले.

निकाल स्पष्ट होता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. रेडिओ एकच, पुणे केंद्र एकच, आवाजही तोच. बदलली होती फक्त यंत्राभोवतीची व्यवस्था, ज्याला आज आपण कॉन्फिगरेशन म्हणू. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली. पुढं बऱ्याच ठिकाणी ती विझत गेली, पण या प्रयोगानं एक गोष्ट कायमची दाखवून दिली: बोलणाऱ्या यंत्राला परतीचं पत्र पाठवायची सोय असेल तरच ते उपयोगाचं.

लायसन्स, ट्रान्झिस्टर आणि रिमोट

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ चावडीतून सुटला. जावळीतली कितीतरी माणसं मुंबईला गिरणीत नाहीतर माथाडी कामाला. ती जत्रेला गावी येताना ट्रान्झिस्टर घेऊन यायची. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली होती, सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये आलं. आता स्टेशन लावायचा खटका घरच्या माणसाच्या हातात होता. भांगलणीला बांधावर रेडिओ, गोठ्यात रेडिओ.

तरी परवानगीची शेपटी होतीच. रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन काढायचं, दरवर्षी नवं करायचं. ते पुस्तक तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत अजून सापडेल. १९८० च्या दशकात ही पद्धत गेली.

मग टीव्ही आणि त्याच्याबरोबर रिमोट. रिमोटचा इतिहास आपल्या घराघरांतल्या भांडणापेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं १९५० मध्ये ‘लेझी बोन्स’ नावाचा रिमोट काढला, तो टीव्हीला वायरनं जोडलेला होता. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांच्या ‘स्पेस कमांड’मध्ये तर बॅटरीसुद्धा नव्हती: आत ॲल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की हातोडी कांडीवर आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी टीव्ही ओळखायचा.

आपल्याकडं रिमोट रुजला तो रंगीत टीव्ही आणि केबलच्या काळात. तेव्हापासून ‘घर कुणाचं’ याचं उत्तर ‘रिमोट कुणाच्या हातात’ यावरून कळायला लागलं. सातला आजीची मालिका, मॅच असली की काकांचं राज्य. हा वाद घरातला होता, समोरासमोरचा होता आणि रुसून-फुगून मिटायचाही.

एका रेकॉर्ड प्लेयरमधून निघालेली गोष्ट

घरभराच्या वस्तू एकाच जागेवरून चालवायची खरी सुरुवात १९७५ च्या आसपासची. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथ्स गावात पिको इलेक्ट्रॉनिक्स नावाची छोटी कंपनी होती. तिचे आधीचे प्रकल्प कॅल्क्युलेटरच्या चिपचे होते. नववा प्रकल्प होता हवं ते गाणं निवडून वाजवणाऱ्या रेकॉर्ड प्लेयरचा. लांबून प्लेयर चालतो तर लांबून दिवा का नाही चालणार? या विचारातून दहावा प्रकल्प निघाला. त्याचं नाव एक्स-टेन. म्हणजे होम ऑटोमेशनच्या घराण्याचा मूळपुरुष हा एक मीडिया प्लेयर आहे!

एक्स-टेनचा हुकूम घरातल्या विजेच्या वायरींमधूनच जायचा. वेगळी वायर नको. सोळा घर-अक्षरं गुणिले सोळा आकडे, म्हणजे २५६ वस्तूंना पत्ता देता यायचा. मोठीच गोष्ट. पण सुरुवातीच्या वस्तू फक्त ऐकायच्या, उत्तर द्यायच्या नाहीत. तुम्ही ‘दिवा बंद’ म्हणून हुकूम सोडला. तो पोचला का? दिवा बंद झाला का? कळायला मार्ग नाही. १९३० च्या दशकातला पेटीबंद रेडिओ आणि १९७५ चं एक्स-टेन, दोघांत एक दोष सारखा: परतीचं पत्र नाही.

आज होम ऑटोमेशनमध्ये ‘स्टेट’ हा शब्द सारखा येतो, तो याच दुखण्याचं औषध आहे. स्टेट म्हणजे वस्तूची आत्ताची अवस्था. मीडिया प्लेयरचं स्टेट चालू, थांबवलेलं, रिकामं, बंद असं काहीतरी असतं. शिवाय आवाज किती, काय वाजतंय, कुठून वाजतंय. वस्तू हे स्वतःहून सांगत असेल तरच तिच्यावर नियम लिहिण्यात अर्थ आहे.

पेटीला परत कुलूप

२०१० नंतर वायफाय स्वस्त झालं, फोन प्रत्येक हातात आला आणि प्रत्येक कंपनीनं आपापलं ॲप काढलं. सोय झाली. पण हुकूम आता असा जायला लागला: सोप्यात बसून तुम्ही सोप्यातला दिवा लावा म्हणता, तो निरोप परदेशातल्या सर्व्हरवर जातो, तिथून परत तुमच्या घरी येतो आणि मग दिवा लागतो. चार पावलांवरच्या गोष्टीला सातासमुद्रांची फेरी.

याचं बिल पुढं आलं. अमेरिकेतल्या रिव्हॉल्व कंपनीचा ३०० डॉलरचा हब लोकांनी घरी बसवला होता. २०१४ मध्ये गुगलच्या मालकीच्या नेस्टनं ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. हब बिघडला नव्हता, पण निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर रुसले, कारण त्यांच्या आत बसवलेल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. गुगलनं काही दिवसांत दुरुस्त केलं. पण दहा वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेली एक तारीख उलटली आणि लोकांच्या घरातले टीव्ही गप्प झाले, हे झालंच.

पैसे तुम्ही दिले, वस्तू तुमच्या घरात, वीज तुमची. पण स्विच दुसऱ्याच्या घरात. दिल्लीच्या त्या पेटीचं कुलूप परत आलं, फक्त आता ते दिसत नाही.

यावर उतारा म्हणून जी वाट निघाली तिचं ठळक उदाहरण म्हणजे होम असिस्टंट. पाउलस स्खाउटसेन या डच तरुणानं २०१३ मध्ये ते सुरू केलं. सुरुवात एवढीशी होती: सूर्य मावळला की घरातले दिवे लागावेत. आज ते फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर जगभरचे स्वयंसेवक मिळून लिहितात. २०२४ पासून त्याची जबाबदारी ‘ओपन होम फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडं आहे. त्याचा मुख्य आग्रह एकच: नियम तुमच्या घरात राहिले पाहिजेत. एक छोटा रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप, त्यावर सगळं. नेट गेलं तरी घर चालतं.

मेढ्यातल्या एका घराचं उदाहरण

आता हा इतिहास घेऊन मेढ्यातलं एक घर डोळ्यासमोर आणा. घरी आजी, आई-पप्पा, शाळेतला लहान भाऊ. मोठं पोरगं पुण्यात आयटीत. सोप्यात वायफायवाला टीव्ही, डीटीएचचा डबा, देवघरात एक स्पीकर. पावसाळा असा की केळघरच्या बाजूनं ढग उतरले की लाईट किती वेळा जाईल याचा नेम नाही. इथं मीडिया प्लेयर नीट बसवायचे तर काय काय लागतं?

पहिलं, ओळख. नेटवर्कवर नवी वस्तू आली की ती दवंडी पिटते: मी अमुक टीव्ही, मी आलोय. त्या पद्धतींची नावं एम-डीएनएस, एसएसडीपी अशी अवघड आहेत, पण काम दवंडीचंच. आणि दवंडी वेशीबाहेर जात नाही. टीव्ही एका वायफायवर आणि होम असिस्टंट दुसऱ्या गेस्ट वायफायवर असेल तर एकमेकांना दिसणार नाहीत.

दुसरं, पत्ता. लाईट जाऊन आली की राउटर सगळ्यांना पत्ते नव्यानं वाटू शकतो. मग कालचा टीव्ही आज वेगळ्या दारात. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये टीव्ही, स्पीकर यांचे पत्ते राखीव करून टाकायचे. राउटरला छोटा यूपीएस लावला तर निम्मी कटकट तिथंच संपते.

तिसरं, भिंतीवरचं बटण. आपल्या घरांत टीव्ही रिमोटनं बंद करून भागत नाही, वीज वाचावी म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करतात. मग सिस्टीमला टीव्ही ‘बंद’ दिसत नाही, ‘सापडत नाही’ असा दिसतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम लिहिताना दोन्ही धरायच्या. आजीला ‘बटण बंद करू नको’ म्हणून शिकवत बसण्यापेक्षा नियमानं आजीची सवय ओळखावी.

चौथं, मुका डबा. डीटीएचच्या डब्याला जुना इन्फ्रारेड रिमोट असतो. त्याला हुकूम देणारं यंत्र मिळतं, पण डबा उत्तर देत नाही. तोच एक्स-टेनवाला दोष. त्यावर युक्ती अशी: डब्याचं स्टेट विसरा, टीव्ही वीज मोजणाऱ्या प्लगवर लावा. वीज ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ओढली जात असेल तर टीव्ही चालू, नाहीतर बंद. परतीचं पत्र आडमार्गानं मिळवायचं.

पाचवं, आवाज. सकाळी सहाला देवघरात हरिपाठ लावायचाय. स्पीकरला रात्रीचा आवाज आठवत असतो. रात्री भावानं मोठ्यानं गाणी लावली असतील तर पहाटे आळी जागी होईल. म्हणून क्रम असा: आधी आवाज ठरवा, मग वाजवा. आणि अट घाला: आजीच्या खोलीतला दिवा लागला असेल तरच. आजीला बरं नसेल, ती झोपली असेल, तर देवही थांबेल.

सहावं, नाव. यादीत ‘लिव्हिंग रूम टीव्ही’ लिहून ठेवलं तर घरात कुणी तसं म्हणणार आहे का? गुगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी समजायला लागला, होम असिस्टंटमध्ये एका वस्तूला अनेक नावं देता येतात. मग ‘सोप्यातला टीव्ही’, ‘देवघर’, ‘परसातला दिवा’ अशीच नावं द्या. ज्या नावानं आई हाक मारते तेच वस्तूचं खरं नाव.

पुण्यातून चालणारं घर

आता मुद्द्याची गोष्ट. या घरात वडगावसारखा नियम लावायचाय: सातला टीव्ही बंद, साडेआठला मोकळा. तांत्रिकदृष्ट्या पाच मिनिटांचं काम. पुण्यातून फोनवरही होईल. आजी मालिका बघतेय, सात वाजले, पडदा काळा. काम फत्ते?

नाही. कारण पुण्यात बसून गावाकडच्या घरातली यंत्रं आपल्या मर्जीनं चालवणारं पोरगं आणि पेटीला कुलूप लावणारे ते साहेब, यांच्यात फार अंतर उरत नाही. हेतू दोघांचाही चांगलाच. पण आई-पप्पांना तो नियम दिसत नाही, बदलता येत नाही, आणि काही बिघडलं तर पुण्याला फोन करण्यावाचून पर्याय नाही.

वडगावचा भोंगा चालला तो आवाज मोठा होता म्हणून नव्हे. आधी बायकांची सभा झाली, बोलणं झालं, मग भोंगा आला. आणि बटण शेवटी ज्याचं त्यानं दाबलं. १९५६ च्या मंडळांचंही तेच. आधी माणसांची मांडणी, मग यंत्राची.

म्हणून घरात हाच नियम लावायचा तर तो असा लिहा. पावणेसातला घरच्यांना कळेल अशी सूचना: स्पीकरवरून एक छोटा सूर, किंवा दिवा थोडा मंद. सातला टीव्ही बंद नाही, फक्त ‘थांबवलेला’. डीटीएचवर ते जमत नसेल तर आवाज कमी. भिंतीवर एक साधं बटण लावा. ते दाबलं की त्या दिवसापुरता नियम रद्द, कुणाला विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. पाहुणे आलेत, मॅच आहे, मूड नाही, सगळं चालेल. आणि महिन्याभरानं घरच्यांना विचारा: किती वेळा दाबलं? रोजच दाबलं असेल तर नियम चुकलाय, माणसं नाहीत. ते बटण म्हणजेच परतीचं पत्र.

शंभर वर्षांच्या या प्रवासातून मी तीन प्रश्न काढलेत. कुठलंही यंत्र घरात लावण्याआधी ते विचारा. नियम कुणी लिहिला? नियम राहतो कुठं, घरात की लांबच्या सर्व्हरवर? आणि घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला तो मोडता येतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर घर कितीही स्मार्ट असो, पेटीला कुलूप आहे असं समजा.

जाता जाता एक काम देतो. येत्या रविवारी आजी-आजोबांना विचारा, गावात पहिला रेडिओ कुणाकडं होता, तो लावायचं कोण आणि बंद करायचं कोण. उत्तरं व्हॉइस मेसेजनं पाठवा, निवडक आपण पुढच्या भागात ऐकवू. चिटणीसानं पुण्याला पत्र पाठवायचं, तीच जुनी पद्धत.

भेटूया. काळजी घ्या, आणि सातला एकदा फोन खाली ठेवून बघा.